नागपुरात दारू सोडायची आहे: पहिल्या मीटिंगपर्यंत कसं पोहोचायचं, आणि दुसरीला का जायचं

पहिल्या मीटिंगला गेलो तेव्हा मी त्या शाळेच्या गेटासमोरून तीनदा पुढे निघून गेलो. चौथ्या वेळी समोरच्या पानठेल्यावर थांबलो, खर्रा घोटायला सांगितला आणि तो घोटून होईपर्यंत आत जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिलो. दारुडे लांबूनच ओळखू येतील असं मला वाटलं होतं. एक जण हेल्मेट काखेत धरून आत गेला, एक जण मेथीची जुडी असलेली पिशवी घेऊन, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत. शेवटी पानठेलेवालाच हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, सात वाजता चालू होऊन जाते त्यांचं. जा, काही नाही होत."

त्या पानठेल्यापासून आतल्या खुर्चीपर्यंतचं अंतर वीस पावलांचं होतं आणि ते कापायला मला दोन वर्षं लागली. "एएला जा", म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपला जा, असं मला डॉक्टरांनी, मेव्हण्यानं, साहेबांनी, सगळ्यांनी सांगितलं होतं. पण जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, फोन कोणाला लावायचा, आत गेल्यावर कोण काय विचारतं, हे कोणीच सांगितलं नाही. ते इथे लिहितो आहे. नाव मात्र लिहीत नाही. निनावी राहणं हा आमच्या ग्रुपचा नियमच आहे.

सगळ्यात आधी डॉक्टर

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. सकाळी उठल्यावर तुमचे हात थरथरत असतील आणि घोट पोटात गेल्यावरच ते थांबत असतील, तर तुमच्या शरीराला दारूची सवय झालेली आहे. अशा माणसानं जोशात येऊन एका झटक्यात दारू बंद केली, तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. घरचे म्हणतात, "नाटकं करून राहिला." नाटक नसतं ते. अशा वेळी १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. तेव्हा तर जास्तच जपायला हवं.

दवाखाना कुठला? मेडिकल आहे, मेयो आहे, मानकापूरजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. सकाळी ओपीडीची चिठ्ठी काढायची आणि मानसोपचार विभाग विचारायचा. मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक दचकतात, "आमचा माणूस काय पागल आहे का?" म्हणतात. तिथे दारू सोडायला आलेला माणूस हे रोजचं दृश्य आहे. डॉक्टरांना आकडा खरा सांगा. मी दिवसाला तीन क्वार्टर प्यायचो आणि सांगितली एक. औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरतो, म्हणून त्या खोटेपणाची किंमत माझ्याच अंगानं मोजली, दोन रात्री. थरथरीवर ज्या गोळ्या मिळतात त्यांच्यावर दारू पिणं अत्यंत धोकादायक आहे, श्वास थांबू शकतो. त्यासोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. ते साधं टॉनिक समजून टाळू नका. दारूनं त्याचा साठा संपलेला असतो आणि त्याच्या कमतरतेमुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

निघताना त्या विभागातल्या समाजसेवकांना भेटा. "दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग कुठे भरते?" एवढंच विचारा.

ग्रुप शोधायचा कसा

सगळ्यात जुना आणि जगभर पसरलेला ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. आपण सगळे त्याला एए म्हणतो. सभासद होण्यासाठी एकच अट आहे, दारू थांबवण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. मीटिंग शाळेच्या वर्गात, चर्चच्या आवारातल्या खोलीत, समाजभवनात, जिथे जागा मिळेल तिथे भरते. चर्चमध्ये आहे म्हणून ती चर्चची नसते. ग्रुप जागेचं भाडं देतो, बस.

जागा आणि वेळ शोधायला एए इंडियाची वेबसाइट आहे, शहराप्रमाणे बघता येतं. मात्र यादीवर विसंबून थेट निघू नका. शाळेच्या परीक्षा लागतात, हॉल लग्नाला जातो, वेळ बदलते. ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री करा. बंद गेट बघून परतलेला माणूस रस्त्यातल्या पहिल्या बारमध्ये शिरतो. माझ्याच ओळखीत हे घडलेलं आहे.

वेबसाइट जमत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा टोल-फ्री नंबर आहे. मन फार खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल, तर १४४१६ लावा, म्हणजे टेली-मानस. तो रात्रंदिवस सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

ऑनलाइन मीटिंगाही असतात, मोबाइलवर, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. काटोल, उमरेड, रामटेककडच्या माणसाला रोज शहरात येणं शक्य नसतं, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. शहरात राहणाऱ्यानं मात्र फक्त त्यावर भागवू नये. कॅमेरा बंद करून मी एकदा ग्लास हातात घेऊन मीटिंग ऐकली आहे.

तो फोन

फोन लावायला मला सगळ्यात जड गेलं. काय बोलायचं हेच सुचत नव्हतं. इतकं पुरे: "नमस्कार, मला मीटिंगबद्दल विचारायचं होतं." पलीकडून बहुतेक एवढंच विचारतील, "आपल्यासाठी की घरच्या कोणासाठी?" खरं सांगा. मी म्हणालो, "मित्रासाठी." ते म्हणाले, "ठीक आहे, मित्राला घेऊन या." त्यांनी ओळखलं होतं, पण उघडं पाडलं नाही.

नंतर हे विचारून घ्या: आजची मीटिंग नक्की आहे ना? ओपन की क्लोज्ड? बोलणं मराठीत चालतं की हिंदीत? कोणत्या गेटानं यायचं, खोली कोणत्या मजल्यावर? आणि शेवटचं, जे विचारायला लाज वाटते ते: "गेटवर कोणी भेटेल का?" भेटतं. त्यासाठी माणूस दहा मिनिटं आधी येऊन उभा राहतो.

आपण कोणाला तरी त्रास देतोय असं वाटून फोन करणं टाळू नका. एएची सुरुवातच अशा फोनातून झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्या ॲक्रन गावी गेला होता. काम फसलं. त्याला दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि हॉटेलच्या लॉबीत उभं असताना समोरच बार गजबजलेला होता. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला वाचायचं असेल तर दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला हवं. तिथल्या चर्चच्या यादीतले नंबर लावत लावत तो एका सर्जनपर्यंत पोहोचला, डॉक्टर बॉब. त्या डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली तो दिवस १० जून १९३५, तोच एएचा स्थापना दिवस मानतात. म्हणजे गरज फोन करणाऱ्याची होती तितकीच उचलणाऱ्याची. तुमचा फोन उचलणारा माणूस त्या दिवशी स्वतःचीही दारू लांब ठेवत असतो.

ओपन आणि क्लोज्ड

क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्याला दारूचा त्रास आहे तो बसतो. ओपनला बायको, भाऊ, डॉक्टर, कोणीही येऊ शकतं. एकट्यानं जायची हिंमत होत नसेल तर पहिली मीटिंग ओपन निवडा आणि सोबत कोणाला तरी न्या. फक्त सोबतचा माणूस रागावलेला नको. "ऐका जरा नीट," असं कोपर मारून सांगणारी सोबत असेल तर एकटंच गेलेलं बरं.

त्या दिवशीची तयारी

मीटिंगा बहुतेक संध्याकाळी असतात आणि आपली प्यायची वेळही तीच. पाच ते सात हे दोन तास सांभाळायचे. पाच वाजता पोटभर खा, पोहे, पोळीभाजी, काहीही. रिकाम्या पोटी तलफ दुपटीनं चढते. ग्रुपमध्ये चार गोष्टींबद्दल सावध राहायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. नागपूरच्या उन्हाळ्यात मी त्यात पाचवी धरतो, तहान. थंड बियरची आठवण अनेकदा नुसती तहान असते. लिंबूपाण्याची बाटली सोबत ठेवा.

रस्ता आधी ठरवा. तुमचं नेहमीचं दुकान वाटेत येत असेल तर दुसऱ्या रस्त्यानं जा, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालेल. मी गाडी घरी ठेवून मेट्रोनं जायचो. सीताबर्डीला उतरून लाइन बदलायची, गर्दीत उभं राहायचं, मध्येच कुठे "जरा थांबतो" म्हणायची सोय नाही.

आणि त्या दिवशी प्यायला असाल तर? तरी जा. गाडी चालवू नका, ऑटो करा, मागच्या खुर्चीवर गप्प बसा. प्यायलेला आहे म्हणून हाकलून देत नाहीत. गोंधळ घातला तर बाहेर नेतात, तेही चहा पाजून.

आत काय होतं

माझ्या पहिल्या मीटिंगची खोली तिसरीचा वर्ग होता. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागत होते. बारा-चौदा माणसं होती. दारात एका काकांनी हात मिळवला, नाव विचारलं नाही, "बसा" म्हणाले. मग थर्मासमधून चहा ओतला. सगळ्यांना कप काठोकाठ, मला अर्धाच. मला वाटलं नवा माणूस म्हणून कमी दिला. कप तोंडाशी नेताना माझा हात इतका हलला की भरलेला असता तर अंगावर सांडला असता. त्यांनी तो हात दारातच पाहिला होता. मला कोणी इतकं समजून घेतल्याला बरीच वर्षं झाली होती.

मीटिंग तास-दीड तास चालते. सुरुवातीला प्रार्थना, मग एए म्हणजे काय हे सांगणारा एक छोटा मजकूर वाचतात. कधी बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूपासून लांब राहण्यासाठी एएनं सांगितलेल्या बारा टप्प्यांपैकी, एखादी वाचतात. मग एकेक जण बोलतो: "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे." सगळे नमस्कार करतात, तो आपली गोष्ट सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, संपल्यावर उलटतपासणी नाही. तुमची पाळी आली आणि बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, पुढे सरकतात. मी पाच मीटिंगा हेच म्हणालो. शेवटी एक थैली फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. पहिल्यांदा आलेल्यानं काहीही टाकायची गरज नसते.

एखाद्याचा बर्थडे असेल तर केकही असतो. जन्माचा नव्हे, दारू सोडल्याचा.

ओळखीचं कोणी दिसलं तर, ही भीती सगळ्यांना असते. मला आमच्याच गल्लीतले एक जण दिसले. पोटात गोळा आला, आणि पुढच्या क्षणी कळलं की तेही त्याच कारणानं आले आहेत. आत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. रस्त्यात भेटलो तर आम्ही पावसापाण्याचं बोलतो.

देव, प्रार्थना आणि आमच्यासारखे

यावर जरा थांबतो, कारण नागपुरात याच मुद्द्यावरून माणसं पहिल्या मीटिंगनंतर परत येत नाहीत. मी आंबेडकरी घरातला. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जी गर्दी होती तिच्यात माझे आजोबा होते. बावीस प्रतिज्ञांमध्ये "मी दारू पिणार नाही" ही एक आहे आणि ती मी लहानपणापासून म्हणत आलो. प्यायला लागल्यावर काही वर्षं मी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेलोच नाही. घरी सांगायचो, ड्युटी आहे.

तर असा मी मीटिंगला गेलो आणि पहिल्याच मिनिटाला ईश्वराची प्रार्थना! पायऱ्या वाचल्या त्यातही देव. मला वाटलं, चुकीच्या जागी आलो. मीटिंग झाल्यावर चहावाल्या काकांना बोललो. ते म्हणाले, "त्यात 'आम्हाला जसा समजला तसा' असं लिहून आहे, नीट वाच. तू एकट्यानं किती वेळा सोडली?" मी म्हणालो, मोजली नाही. "मग तुझ्याहून मोठी ताकद एवढंच मान. ही बारा माणसं मिळून तुझ्याहून मोठी आहेत का नाही?" तेवढं मला मान्य होतं. आजही प्रार्थनेला मी शांत उभा राहतो, ओठ हलवत नाही, आणि मला कोणी कधी हटकलं नाही. गजानन महाराजांची पोथी वाचणारे, नमाजी, चर्चला जाणारे, काहीच न मानणारे, सगळे त्या बुटक्या बाकांवर बसतात.

प्रतिज्ञा मोडल्याची लाज घेऊन बसलेल्या माझ्यासारख्यांना एक सांगतो. शपथ मोडली म्हणून मी वाईट माणूस ठरतो, असं धरून मी जास्त प्यायलो. हा आजार आहे, हे डॉक्टरांकडून आणि ग्रुपमध्ये ऐकल्यावर उपचार घेता आले.

मीटिंगनंतरची पंधरा मिनिटं

संपताक्षणी पळू नका. खुर्च्या लावायला हात लावा, कप गोळा करा. याच वेळात फोन नंबर मिळतात, आणि रात्री अकराला तलफ उठते तेव्हा तेच कामाला येतात. निदान तीन नंबर घ्या आणि तलफ नसतानाच एकदा सहज फोन करून ठेवा, म्हणजे गरजेच्या वेळी जीभ अडत नाही.

पुढे एक स्पॉन्सर धरायचा. म्हणजे काही वर्षं दारूशिवाय काढलेला माणूस, जो पायऱ्या समजावतो आणि रोज फोन घेतो. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई. त्याच्याकडून पैसे उसने घेऊ नका, त्याला देऊही नका. आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं, मग तो ग्रुपमधला कितीही जुना असो, तर ऐकू नका. तो अधिकार डॉक्टरांचा.

एका मीटिंगवर मत बनवू नका. निदान सहा मीटिंगा करा, शक्य असल्यास दोन वेगळ्या ग्रुपमध्ये. एखाद्या ग्रुपमध्ये एकच माणूस अर्धा तास बोलतो, एखाद्यात सगळे तुमच्याहून वीस वर्षांनी मोठे असतात. दुसरा ग्रुप वेगळा असतो. नव्यांना नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा सांगतात. मला तेवढ्या जमल्या नाहीत, साठेक झाल्या. पण पहिले तीन महिने हातात संध्याकाळ मोकळी ठेवायची नाही, हा त्यातला अर्थ बरोबर आहे.

घरच्यांसाठी

भिंतींवर जाहिराती असतात, "न सांगता दारू सोडवा". भाजीत, वरणात काही मिसळू नका. दारूसोबत रिॲक्शन देणारं एक औषध डॉक्टर देतात खरं, पण रुग्णाला सांगून, त्याच्या मर्जीनं, तपासण्या करून. माहीत नसताना पोटात गेलं आणि वरून दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो, माणूस जाऊ शकतो.

माणूस उचलून नेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांपासून सावध राहा. मला घरच्यांनी एका केंद्रात ठेवलं होतं. दीड महिना कुलूप, डॉक्टरांचं तोंड दिसलं नाही, फोन बंद. बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी प्यायलो. भरती करण्याआधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कधी येतात, नोंदणी आहे का, भेटायला कधी येऊ देता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारा मानसिक त्रासही येतो, त्यामुळे रुग्णाला हक्क आहेत. चांगली केंद्रंही आहेतच. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे.

आणि स्वतःसाठी अल-अनॉन विचारा. बिल यांच्या पत्नी लोईस यांनी १९५१ साली सुरू केलेला, घरच्यांचा ग्रुप. माझी बायको मी पहिल्या मीटिंगला जायच्या आठ महिने आधीपासून ऑनलाइन जात होती. तिनं माझ्या साहेबांना "ताप आहे" सांगणं बंद केलं, माझी उधारी फेडणं बंद केलं. मी तेव्हा तिच्याशी खूप भांडलो. आज सांगतो, मी पानठेल्यापर्यंत पोहोचलो तो त्यामुळेच.

बायकाही पितात आणि त्यांना लपवावं जास्त लागतं. फोनवर स्पष्ट सांगा, "मला बाई सभासदाशी बोलायचं आहे." नंबर मिळतो. पहिल्या मीटिंगला त्यांच्यासोबतच जा.

घसरलात तर

आमच्या भाषेत स्लिप. होळी, ३१ डिसेंबर, मित्राची वरात, हे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी मीटिंग किंवा निदान दोन फोन ठरवून टाका. स्लिप झालीच तर "आता महिन्याभरानं जाईन, तोंड दाखवायला जागा नाही" असं म्हणू नका. दुसऱ्याच दिवशी जा. सलग काही दिवस प्यायला असाल तर आधी पुन्हा डॉक्टर, कारण थरथर आणि फिटचा धोका पुन्हा तितकाच असतो.

माझी स्लिप सातव्या आठवड्यात झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. काळी-पिवळी मारबत पाहायला इतवारीत गेलो, जुने मित्र भेटले, "एकच घे, आज तर कर आहे." रात्री घरी कसा आलो आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू झाल्यावर शिरलो, दाराजवळच्या बाकावर बसलो, मान वर केली नाही. वाचन चालू होतं. काका थर्मास घेऊन उठले, माझ्यासमोर आले, एकदा हाताकडे पाहिलं, आणि कप अर्धा भरून दिला.